“निघालं तर?” या प्रश्नाबद्दल थोडंसं

(प्रभागसंघाच्या आरोग्य बैठकीत केलेलं भाषण. बोलले होते बरंचसं तसंच ठेवलं आहे. – क्षेत्र समन्वयक)



आज मी हप्ता, वसुली, ग्रेडिंग यातलं काही बोलणार नाही. सचिवताईंनी मला अर्धा तास दिलाय आणि त्यांनी घड्याळ समोर ठेवलंय, ते मला दिसतंय. विषय आहे पुढच्या महिन्यात ग्रामीण रुग्णालयात होणारं तपासणी शिबिर. तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड, या तीन ठिकाणच्या कॅन्सरची तपासणी तिथे होते. गेल्या वेळी यादीत नावं भरभरून आली होती. शिबिराच्या दिवशी मात्र गाडी अर्धी रिकामी गेली. कुणाकडे सोयाबीनची काढणी होती, कुणाचे पाहुणे आले, कुणाच्या पोराला ताप होता. ही कारणं खोटी होती असं मी म्हणत नाही. बायकांना खरोखरच सवड नसते. पण नंतर घरोघरी गेल्यावर, चहा पिता पिता, बऱ्याच जणींच्या तोंडून एकच वाक्य हळूच निघालं. “गेले असते गं, पण निघालं तर?”

हा “निघालं तर?” आपल्या एकट्या भागातला नाही. देशाचा 2019 ते 21 चा कुटुंब आरोग्य सर्व्हे झाला. त्यात 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांमध्ये स्तनांची तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घेतलेली जेमतेम एक बाई सापडली. शंभरात एक! सोय नाही हे त्याचं मोठं कारण आहेच. पण सोय दारात आली तरी पाय का अडखळतो, हेही बघायला हवं.

म्हणून आज तुम्हाला एका माणसाच्या कामाबद्दल सांगते. रॉबर्ट क्रॉयल त्यांचं नाव, अमेरिकेतले. ते डॉक्टर नाहीत. सामाजिक मानसशास्त्र हा त्यांचा विषय. म्हणजे माणूस चारचौघांत कसा विचार करतो, दुसऱ्याकडे बघून स्वतःबद्दल काय ठरवतो, याचा अभ्यास. एमएसडब्ल्यूला आम्हाला यावर एक पेपर होता, तेव्हा मी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. मानसशास्त्राचा हा माणूस पुढे कॅन्सरच्या आनुवंशिक तपासणीच्या कामात गेला. मनाचा अभ्यास करणाऱ्याचं तिथे काय काम, हे मी सांगेनच.

सुरुवात 1980 च्या दशकात, प्रिन्स्टन नावाच्या विद्यापीठात. जॉन जेमट, पीटर डिटो आणि क्रॉयल अशा तिघांनी मिळून एक प्रयोग केला, तो 1986 मध्ये छापून आला. कॉलेजच्या मुलांना बोलावलं. सांगितलं, तुमच्या शरीरात एक पदार्थ असतो, थायोअमाइन अॅसिटिलेज. तो कमी असला तर स्वादुपिंडाचे त्रास होऊ शकतात. थुंकीवरून कळतं, ही घ्या कागदाची पट्टी. मग काही मुलांना सांगितलं तुमच्यात तो पदार्थ कमी आहे, काहींना सांगितलं तुमचं ठीक आहे.

गंमत अशी, की असा पदार्थच नाही. नाव बनवलेलं, आजार बनवलेला, तपासणीही बनवलेली. शेवटी सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. (माणसांना असं खोटं सांगून घाबरवणं मला फारसं पटत नाही. पण प्रयोग झालाय, आणि त्यातून जे कळलं ते उपयोगाचं आहे.)

आता ऐका काय झालं. ज्यांना “तुमच्यात दोष आहे” असं सांगितलं, त्या मुलांना विचारलं, हा आजार किती गंभीर वाटतो? त्यांनी सांगितलं, फार काही नाही. ही तपासणी कितपत भरवशाची? तर म्हणे, तशी काही खात्रीची वाटत नाही. आणि ज्यांना “तुमचं ठीक आहे” सांगितलं होतं, त्यांना तोच आजार जास्त गंभीर वाटला आणि तीच तपासणी जास्त भरवशाची वाटली. कागदाची पट्टी तीच, आजार तोच. फरक एवढाच, की एकाच्या नावावर तो आला होता आणि दुसऱ्याच्या नाही.

ओळखीचं वाटतंय ना? “सरकारी दवाखान्यातलं मशीन बिघडलेलं असतं.” “तो लॅबवाला पोरगा शिकाऊ आहे.” “शुगर दोनशे आली, पण मी सकाळी चहा पिऊन गेले होते.” हे आपण बोलतो तेव्हा नवरा म्हणतो, बायकांना अक्कल नाही. डॉक्टर म्हणतात, अडाणी आहेत, ऐकत नाहीत. मला तुम्हाला एवढंच सांगायचंय, की ती मुलं अमेरिकेतल्या सगळ्यात नावाजलेल्या कॉलेजांपैकी एकात शिकत होती. त्यांनीही हेच केलं. पुढे क्रॉयल यांनी खऱ्या तपासण्यांवर अभ्यास केले, बीपीवर केला, रक्तातल्या चरबीवर केला. ज्यांचा आकडा वाढलेला आला त्यांना तो धोका कमी वाटायचा. तेव्हा हा शिक्षणाचा प्रश्न नाही. वाईट बातमी अंगावर आली की मन आधी हात आडवा धरतं, तसं आहे ते.

त्याच प्रयोगात आणखी एक भाग होता. काही मुलांना सांगितलं, तुमच्या पाच जणांत हा दोष तुम्हा एकट्यात निघाला. दुसऱ्यांना सांगितलं, पाचातल्या चौघांत निघाला. ज्यांना वाटलं चौघांत आहे, त्यांना तो आजार कमी गंभीर वाटला. म्हणजे पुष्कळांना आहे, तर एवढं काय त्यात, असा हिशोब.

इथे मी जरा थांबते, कारण हे आपल्या गटाच्या बैठकीत रोज घडतं. आपल्या महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे. गटात दहा जणी बसल्या आणि हिमोग्लोबिन तपासलं तर सहाजणींचं कमी निघेल. मग काय होतं? “माझं नऊ.” “अगं, माझं तर आठच आहे.” “मला तर गेली दहा वर्षं असंच आहे, काय झालं मला?” हसतो, डबे उघडतो, आणि लोहाच्या गोळ्या फडताळावर तशाच राहतात. आठ हिमोग्लोबिन म्हणजे जिना चढताना धाप, बाळंतपणात जिवाला धोका. एकटीलाच असतं तर ती दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली असती. सगळ्यांना आहे म्हणून कुणीच जात नाही. पांढरं जाण्याचंही तेच. “बायकांना जातंच गं.” आपण हे प्रेमाने म्हणतो, समोरचीला धीर यावा म्हणून. पण तो धीर तिला घरी बसवतो. गटाची ताकद आपण नेहमी सांगतो, मीही सांगते. ही मात्र गटाची दुसरी बाजू आहे, आणि ती ध्यानात ठेवलेली बरी.

पुढे 1988 मध्ये क्रॉयल यांनी एका सहकाऱ्याबरोबर आणखी एक अभ्यास केला. त्यातही दोष निघालेल्या मुलांनी आजाराला कमी लेखलं. पण त्याच मुलांना विचारलं, तुम्हाला मध्यंतरी काही त्रास झाला होता का? तेव्हा त्यांना बारीकसारीक कितीतरी आठवलं. हो, डोकं दुखलं होतं, पोट बिघडलं होतं. म्हणजे वरून “काही नाही” म्हणायचं आणि आतून सारखा शोध चालू. मला हे वाचून फार पटलं. जी बाई चारचौघींत “मला काही होत नाही” म्हणून हसण्यावारी नेते, ती आंघोळीच्या वेळी रोज गाठ चाचपून बघत असते. म्हणून अशा बाईवर आवाज चढवून काही उपयोग नसतो. तिला माहीतच असतं.

मग उपयोग कशाचा असतो? पीटर डिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी तोच कागदी पट्टीचा प्रयोग जरा बदलून केला. काही मुलांना आधीच सांगितलं की या दोषावर उपाय आहे. त्या मुलांनी आजार नाकारण्याचा खटाटोप फारसा केला नाही. उपायाबद्दल काहीच न कळलेल्यांनी केला. म्हणजे पुढची वाट दिसत असली तर मन एवढं आडवं जात नाही. सीआरपी ताईंनो, आशाताईंनो, हे तुमच्यासाठी आहे. “शिबिराला या, कॅन्सर लवकर कळतो” एवढंच सांगितलं तर बाईच्या कानात फक्त कॅन्सर हा शब्द राहतो. तिला सांगा, तपासणारी बाईच असेल, पडदा असेल, पाच-दहा मिनिटं लागतात. संशय आला तर पुढे कुठे जायचं, गाडी कोण करणार, सोबत कोण येणार, कोणत्या योजनेचं कार्ड लागणार, हे सगळं शिबिराच्या आधी सांगा.

आणि गाठ म्हणजे लगेच कॅन्सर नव्हे. स्तनातल्या बहुतेक गाठी साध्या निघतात. पण साधी कोणती हे घरी बसून ठरवता येत नाही.

आता येते दुसऱ्या भागाकडे, आनुवंशिकतेच्या. इथे नीट लक्ष द्या, कारण यात गैरसमज फार आहेत.

क्रॉयल प्रिन्स्टनहून निघाले आणि काही वर्षांनी अमेरिकेच्याच यूटा राज्यातल्या विद्यापीठात शिकवायला लागले. यूटा हे वेगळंच ठिकाण आहे. तिथे मॉर्मन पंथाचे लोक खूप. त्यांच्यात वंशावळी जपण्याची मोठी परंपरा आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची नावं लिहून ठेवलेली. आपल्याकडे पूर्वी हेळवी घराण्याची नावं सांगत यायचे, तसंच काहीसं, पण छापील आणि बायकांच्या नावांसकट. घरंही मोठी, पोरं भरपूर. तिथल्या संशोधकांनी या वंशावळी आणि राज्यातली कॅन्सरची नोंदवही एकमेकींना जोडल्या. कोणत्या घराण्यात कुठल्या पिढीत किती बायकांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला हे त्यातून दिसायला लागलं.

1990 मध्ये मेरी-क्लेअर किंग नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं होतं की काही घराण्यांत स्तनाचा कॅन्सर एका जनुकामुळे येतो आणि ते जनुक अमुक जागेवर आहे. 1994 मध्ये यूटातल्या गटाने ते नेमकं शोधून काढलं. त्याला बीआरसीए-1 म्हणतात. पुढच्या वर्षी दुसरं सापडलं, बीआरसीए-2.

जनुक म्हणजे आई-वडिलांकडून आलेली शरीराची सूचना. बीआरसीए हे जनुक वाईट नसतं, ते सगळ्यांना असतं, पुरुषांनाही. त्याचं काम रफू करण्याचं. पेशीतला धागा रोज कुठे ना कुठे उसवतो, हे तो सांधतं. प्रत्येकाला त्याच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एखादीला जन्मतःच एक प्रत बिघडलेली मिळते. दुसरी चालू असते तोवर काम भागतं. एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली की उसवलेलं तसंच राहतं आणि तिथे कॅन्सर सुरू होऊ शकतो. बीआरसीए-1 बिघडलेल्या शंभर बायकांपैकी साठाहून जास्त जणींना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कॅन्सर होतो. म्हणजे तीस-चाळीस जणींना होतही नाही. आणि स्तनाच्या सगळ्या कॅन्सरांमध्ये असे घराण्यातून आलेले शंभरात पाच ते दहाच असतात. बाकीचे नाहीत. एवढं नीट ऐकून घ्या, म्हणजे “आईला झाला होता, आता मला होणारच” ही भीती जरा जागेवर येईल. “आमच्या घरात कुणालाच नाही, मग मला कशाला तपासणी” हेही चूक, हे त्यातच आलं.

तर जनुक सापडलं, रक्तावरून तपासणी करता यायला लागली. आता प्रश्न असा, की धडधाकट बाईला “तुला अजून काही झालेलं नाही, पण होण्याची शक्यता बरीच आहे” असं सांगितलं तर तिच्या मनाचं काय होईल? हे रक्त तपासणाऱ्याला कळत नाही. त्यासाठी क्रॉयल यांच्यासारखा माणूस लागला. ज्याने खोट्या पट्टीवर मुलांची मनं वाचली होती, त्याच्यासमोर आता खरा आजार आणि खरी घराणी होती.

त्यांचा आणि त्यांच्या सोबत्यांचा पहिला अहवाल 1997 मध्ये आला. यूटातल्या एकाच मोठ्या घराण्यातल्या साठ बायका. निकाल कळल्यावर एक-दोन आठवड्यांनी त्यांना भेटून विचारलं. ज्यांच्यात जनुक बिघडलेलं निघालं त्यांना त्या निकालाचा त्रास जास्त झाला, हे अपेक्षितच होतं. पण सगळ्यात जास्त त्रास कुणाला? ज्यांना कॅन्सर कधी झालाच नव्हता आणि ज्यांचं त्यासाठी ऑपरेशनही झालेलं नव्हतं त्यांना. ज्या बाईने आजार भोगला होता तिच्या दृष्टीने ते जुन्या दुखण्याचं कारण कळणं होतं. जिला काहीच झालेलं नव्हतं तिच्या पायाखालची जमीन हलली. अशा बायकांना निकाल नुसता कागदावर देऊन पाठवू नये, आधी आणि नंतर दोन्ही वेळा समुपदेशन लागतं, हे अशा अभ्यासांनी पक्कं केलं.

त्यांच्याच गटाने पुढे पाहिलं की एखाद्याला निकालाचा किती त्रास होतो हे त्याच्या एकट्याच्या निकालावर ठरत नाही, भावंडांचे निकाल काय आले त्यावरही ठरतं. मला यात काहीच नवल वाटलं नाही, तुम्हालाही वाटणार नाही. दोघी बहिणी तपासायला गेल्या, थोरलीत निघालं, धाकटीत नाही. धाकटीने आनंद कसा करायचा? “माझ्या वाटचं तिने घेतलं” असं वाटून ती रडते. असं वाटणाऱ्या बहिणी जगभर भेटतात.

आणि ज्यांना जाणून घ्यायचंच नव्हतं त्यांचं काय? कॅरिन लर्मन नावाच्या दुसऱ्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा घराण्यांमध्ये अभ्यास केला. निकाल सांगतो म्हटल्यावर निम्म्याहून कमी लोक तो ऐकायला तयार झाले. तिकडे, एवढ्या सोयी असताना! पुढे त्यांना असंही दिसलं, की ज्यांच्या मनात आधीपासून कॅन्सरची धास्ती बसली होती आणि तरी ज्यांनी निकाल नको म्हटलं, त्या पुढे जास्त खचल्या. ज्यांनी ऐकला त्या, अगदी दोष निघाला तरी, तेवढ्या खचल्या नाहीत. न विचारल्याने काळजी जात नाही, ती घरातच राहते. तरीही जनुकाची तपासणी करायची की नाही हे प्रत्येकीने स्वतः ठरवायचं, त्यात जबरदस्ती कुणी करायची नाही, याबद्दल हे सगळे संशोधक ठाम आहेत, आणि मीही.

क्रॉयल पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत गेले आणि 2003 पासून बरीच वर्षं कॅन्सर नियंत्रणाच्या अख्ख्या विभागाचे प्रमुख होते. मन समजून घेणाऱ्या माणसाला तिकडे एवढ्या मोठ्या जागेवर बसवतात, याचं मला बरं वाटतं. आपल्याकडे शिबिराचं बजेट ठरतं त्यात औषधं असतात, मंडप असतो, समुपदेशनाला एक खुर्चीसुद्धा नसते.

आता आपल्या घरात येऊ. घराण्याचा आजार म्हटलं की आपली एक मोठी गडबड होते. मी फॉर्म भरताना विचारते, “ताई, घरात कुणाला कॅन्सर होता का?” ताई म्हणते, “हो, सासूबाईंना.” लग्न होऊन वीस वर्षं झालेली असतात, घर म्हणजे सासरच. पण सासूचं रक्त तुमच्यात नाही! ते तुमच्या नवऱ्यात आहे, तुमच्या पोरांत आहे. तुमच्यासाठी बघायचं ते माहेर. आई, मावशी, आजी, बहिणी. आणि फक्त आईकडचंच नाही, आत्या आणि बापाची आईही तितकीच महत्त्वाची. बापाला स्वतःला काही झालेलं नसलं, तरी बिघडलेली प्रत तो लेकीला देऊ शकतो, लेकालाही देऊ शकतो. प्रत्येक मुलाला ती जाण्याची शक्यता निम्मी-निम्मी, छापा-काटा. आत्याच्या आजाराची नोंद कुणी ठेवत नाही, कारण आत्या लग्न होऊन दुसऱ्या घराची झाली. “तिच्या पोटात पाणी झालं आणि ती गेली” एवढंच आपल्याला आठवतं. ते अंडाशयाचं असू शकतं.

कोणत्या गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात? रक्ताच्या नात्यातल्या कुणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झाला असेल, दोन्ही बाजूंना झाला असेल, अंडाशयाचा कोणत्याही वयात झाला असेल, घरातल्या पुरुषाला स्तनाचा झाला असेल (हो, होतो, क्वचित), किंवा एकाच बाजूच्या दोन-तीन बायकांना झाला असेल, तर तेवढं सांगा. मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये आनुवंशिक कॅन्सरचा वेगळा विभाग आहे. शक्यतो ज्या बाईला आजार झालाय तिचीच तपासणी आधी करतात, सरसकट सगळ्या घराची नाही. आणि दोष निघाला तरी करण्यासारखं पुष्कळ असतं. तपासण्या लवकर वयात सुरू करता येतात, गोळ्या असतात, मुलंबाळं झाल्यावर अंडाशय काढून टाकण्याचा विचार करता येतो.

तोंडाचा आणि गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर मात्र या हिशोबात धरू नका. तोंडाचा बहुतेक वेळा तंबाखूने, मिश्रीने. (मिश्रीचं नाव काढलं की मागच्या रांगेत पदर तोंडावर जातात, ते मला दिसतंय.) गर्भाशयाच्या तोंडाचा एका विषाणूने. तो आईकडून वारशाने येत नाही. आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने आणि टाटाने मिळून याचा मोठा अभ्यास केला. एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायका होत्या, 30 ते 59 वयाच्या, तुमच्या-माझ्यासारख्या खेड्यातल्या. त्या विषाणूची तपासणी आयुष्यात फक्त एकदा केली, तरी त्या बायकांमधले या कॅन्सरचे मृत्यू पुढच्या आठ वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. 2009 मध्ये ते जगभर छापून आलं. आज कुठल्याही देशात या तपासणीचं बोलणं निघालं की आपल्या या बायकांचा दाखला देतात. आणि नुसत्या हाताने छाती तपासून काय कळतं असं कुणी म्हणालं, तर मुंबईचा अभ्यास सांगा. वीस वर्षं चालला. प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी वस्तीतल्या बायकांना हातानेच तपासत होत्या. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले.

शेवटी जे बोलायचं ते जरा अवघड आहे. एका काकूंना विचारून सांगते, नाव-गाव सांगणार नाही. त्यांच्या आईला चाळिशीत स्तनाचा झाला, गेली. मावशीलाही तोच. काकूंना गाठ लागली तेव्हा त्यांनी आठ महिने अंगावर काढलं. घाबरल्या म्हणून नव्हे. मुलीला स्थळ बघत होते. “आजी, मावशी-आजी आणि आता आई. घराण्याचा दोष म्हणून बोभाटा झाला तर पोरीला कोण करेल?” लग्न झालं, पाठवणी झाली, आणि तिसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात गेल्या. उपचार झाले, खूप सोसलं, आज त्या आहेत. पण मुलीला अजून आजीचं आणि मावशी-आजीचं माहीत नाही. सासरी कळेल म्हणून. आणि ज्या एकाच माणसाला ही माहिती सगळ्यात जास्त उपयोगाची आहे, ती तीच.

काकूंना मी नावं ठेवणार नाही. स्थळाचा प्रश्न खरा आहे, तो मी सोडवू शकत नाही. पण मुलीला सांगणं वेगळं आणि गावाला सांगणं वेगळं. काकूंशी बोलून आम्ही असं ठरवलंय, की मुलगी पंचमीला माहेरी येईल तेव्हा दुपारी दोघीच असताना सांगायचं. आधी “तुझं ठीक आहे, घाबरू नको” म्हणून, मग आजीचं नाव घेऊन, कितव्या वर्षी, काय झालं होतं ते. आणि लगेच पुढे, कुणाला दाखवायचं आणि मी सोबत येते. काकू म्हणाल्या, “शब्द जमतील का गं मला?” आम्ही दोनदा बोलून बघितलं. दुसऱ्यांदा बरं जमलं.

बाहेर टेबलावर मी कोरे कागद ठेवलेत. वर आईकडची आजी-आजोबा, वडिलांकडची आजी-आजोबा, मग आई, मावश्या, आत्या, मामा, काका, बहिणी, भाऊ, अशा रिकाम्या चौकटी आहेत. कोण कशाने गेलं आणि कितव्या वर्षी, एवढंच लिहायचं. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीला बसवा. हा कागद माझ्याकडे द्यायचा नाही, गटाच्या फाइलला लावायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही. शिबिराच्या दिवशी फक्त डॉक्टरबाईंपुढे उघडायचा. पेन्सिलने लिहा, कारण माहेरी फोन केला की दोन-चार चौकटी बदलतील.

गाडी सकाळी आठला मारुतीच्या देवळापासून निघेल. ज्यांच्या नावापुढे “निघालं तर?” आहे त्यांच्याशेजारची सीट माझी.